पाय उचलल्यावर

६ जानेवारी, सोमवार

आज गाडी आली. टोइंगवाल्याने भोसरीच्या आमच्या गल्लीत ती उतरवली तेव्हा शेजारच्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. जपानी, दोन दारांची, टर्बोवाली, वीस वर्षांपूर्वीची. प्रितमने फोटोच फोटो काढले आणि लगेच स्टेटसला टाकले, खाली लिहिलं, 'आता आमच्या वहिनींची कमाल बघा.' मला न विचारता.

प्रितम माझा दीर. गॅरेज त्याचं, दिवाळीपासून मीही त्यात आहे. त्याआधी बारा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत पेट्रोल इंजिनांचं कॅलिब्रेशन करत होते, म्हणजे इंजिनाला केव्हा किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे ठरवायचं काम. कंपनी इलेक्ट्रिककडे वळली आणि आमचं डिपार्टमेंट बंद झालं. ही मी एकटीने हातात घेतलेली पहिली गाडी.

मालक जयदीप, पिंपळे सौदागरचा, तिथल्या जुन्या घराण्यातला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पाण्यात गेला. मी तो उघडला तर आत सगळं हिरवं पडलेलं. कंपनीने हा तुकडा बनवणं कधीच बंद केलंय. म्हणजे आता बाहेरचा ईसीयू निवडायचा, बसवायचा आणि इंजिनाला नव्याने शिकवायचं.

जयदीपने विचारलं, "ताई, जुन्यातून काही निघेल का? शेवटचं काय झालं होतं ते?"

मी म्हटलं, "पाणी शिरलं, अजून काय? पण सेटिंगची काळजी करू नका, ती मी नव्याने करणारच आहे."

तरी तो त्या हिरव्या तुकड्याकडेच बघत राहिला. लॅपटॉप घेतलेली बाई बघून बऱ्याच जणांचं असं होतं. सवय करायला हवी.

डाव्या बाजूचं दार आणि पुढचा पत्रा पुन्हा रंगवलेला दिसतो. शेड नीट जुळलेली नाही. आपलं काम नाही ते.

९ जानेवारी, गुरुवार

एमआयडीसीची दर गुरुवारची सुट्टी, लाइट नाही. घरीच बसून वाचलं. डोकं भणभणलंय.

दोनच पर्याय खरे आहेत. एक डबा निळा: स्वस्त, कुठल्याही गाडीला चालतो, पण सगळं वायरिंग आपण करायचं आणि प्रत्येक गोष्ट आपणच त्याला सांगायची. दुसरा करडा: याच मॉडेलसाठी बनवलेला, वायरींच्या मूळ कपलरमध्ये जसाच्या तसा बसतो, महाग आणि बाहेरून मागवायला लागतो. प्रितम म्हणतो, निळाच घेऊ, ताकद दोन्हीत तेवढीच निघणार आणि आपलेही चार पैसे सुटतील. फोरमवर अर्धे लोक निळ्याची आरती ओवाळतात, अर्धे शिव्या घालतात.

कंपनीत मी असं एकटीने कधी काही निवडलंच नव्हतं. माझ्यानंतर चार जण बघायचे, सह्या करायचे. आता मी चुकले तर थेट इंजिन जळणार. संध्याकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. जयदीप तिळगूळ घेऊन आला, तोही रिक्षाने. घरी चार गाड्या असणारा माणूस! प्रितमने विचारलं तर म्हणाला, "पार्किंगचा ताप कशाला, राव."

मग माझ्याकडे येऊन स्टुलावर बसला आणि प्रश्न विचारायला लागला. किती हॉर्सपॉवर, टॉप स्पीड किती, असलं मी धरून चालले होते. त्याने यातलं काहीच विचारलं नाही.

"ताई, या गाडीत पायाखालून तार जाते का थ्रॉटलला?"

"नाही. ॲक्सिलरेटरच्या पॅडलला सेन्सर आहे. तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर मोटरने थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप उघडतो."

"म्हणजे मधे कॉम्प्युटर आहे. मग पाय उचलला आणि त्याने ऐकलंच नाही तर?"

"पॅडलला एकाऐवजी दोन सेन्सर त्यासाठीच असतात. दोघांचं जुळलं नाही की झडप बंद झाली पाहिजे."

"झाली पाहिजे, की होते?"

मला थोडा राग आला. म्हटलं, "बसवल्यावर दाखवते."

"आणि पाय किती दाबला, झडप किती उघडली, हे लिहून ठेवतो का तो?"

करड्यात तशी सोय आहे, निळ्यात लॅपटॉप जोडलेला असेल तरच. सांगितलं तसं. तो कितीतरी वेळ मान हलवत राहिला. माझी परीक्षाच घेत होता, स्पष्ट आहे. यूट्यूबवर पाहून येतात आणि इंजिनिअरला प्रश्न विचारतात.

तिळगूळ मात्र चांगला होता.

१८ जानेवारी, शनिवार

प्रितमने निळा मागवलासुद्धा. "मुंबईत स्टॉकमध्ये होता, वहिनी. मार्चमध्ये लोणावळ्याच्या पुढे धावपट्टीवर रेस आहे, तिथं आपलं नाव गाडीवर पाहिजे." जयदीपला तारीखही देऊन बसलाय.

मी भांडायला हवं होतं. पण मनातल्या मनात हायसं वाटलं, हे इथे लिहून ठेवते. निवड झाली, आणि ती मी केली नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आठवडाभर निळ्याचं वायरिंग टेबलावर केलं. गाडीतलं पॅडल आणि थ्रॉटल काढून तिथेच जोडलं. पॅडल हाताने दाबलं की झडप उघडते, सोडलं की मिटते. छान. प्रितमने व्हिडिओ काढला.

मग मी पॅडल अर्धं दाबून धरलं आणि दोनपैकी एका सेन्सरची वायर ओढली. झडप मिटली. पुन्हा केलं. मिटली. पुन्हा केलं, आणि झडप उघडीच राहिली. मी पॅडलवरून हात काढला तरी उघडी. सप्लाय काढला तेव्हा कुठे मिटली.

दुपारभर तेच करत बसले. कधी मिटते, कधी नाही. दरवेळी राहिली असती तर बरं झालं असतं, दोष शोधता आला असता. सेटिंग बदलली, नवं सॉफ्टवेअर टाकलं, माझं वायरिंग दोनदा तपासलं. तसंच.

जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रितमशी वाजलं.

"वहिनी, रस्त्यावर कोण वायर उपटायला येणार आहे?"

"उपटत नाही कुणी. ती झिजते. कपलरमध्ये गंज चढतो. पाण्यात बुडालेली गाडी आहे ही."

"लोक चालवतातच ना हा डबा! जगात सगळे मूर्ख आणि तुम्ही एकट्या शहाण्या?"

"असेनही मूर्ख. पण हा मी बसवणार नाही."

बोलून गेले. तो शटर आपटून बाहेर गेला. त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. डबा परत जाणार नाही आणि तारीख त्याने दिलीय. निळ्याच्या कंपनीकडून ईमेलला उत्तर आलं: वापर आपल्या जबाबदारीवर करावा. झालं.

निरंजन चाकणच्या तळेगाव चौकात अडकून उशिरा घरी आला, तरी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तुला भीती कशाची वाटते, गाडीची की प्रितमची?" मी म्हटलं, गाडीची. त्यावर तो म्हणाला, "मग गिऱ्हाइकाला तसंच सांग. गाडी त्याची आहे." नवऱ्याला सगळं सोपं वाटतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. जयदीपला टेबलाशी उभं केलं, पॅडल त्याच्या हातात दिलं आणि वायर ओढली. दोनदा मिटली. तिसऱ्यांदा उघडीच राहिली.

तो एकदम पांढराफटक पडला. पॅडल सोडून त्याने हात पँटला पुसले. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्याने विचारलं, "असं होऊ शकतं? खरंच? कुठल्याही गाडीत?"

"चांगल्या डब्यात होऊ नये. हा आम्ही बसवणार नाही. करडा मागवायला लागेल आणि तुमची रेस चुकेल."

"चुकू दे," तो लगेच म्हणाला. "नकोच ती रेस. सावकाश करा, ताई. घाई नाही. कितीही वेळ लागू दे."

प्रितम खूश, सुटलो म्हणून. मला मात्र लागलं. रेससाठी बनवायची गाडी, आणि मालकाला रेस नको? म्हणजे याला आमच्या हातची गाडी पळवायचीच नाही. तोंडावर म्हणत नाही एवढंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लाइट नसूनही हिशेबाची कामं म्हणून शेड उघडली होती. जयदीपची आई आली. दुर्गाबाई. नऊवारी, हातात पिशवी, गाडीचा ड्रायव्हर बाहेर उभा. पिशवीत माझ्यासाठी शेतातला हुरडा. अजून थोडी जमीन कसतात म्हणे, मोशीच्या बाजूला, बाकी सगळी प्लॉटिंगमध्ये गेली.

गाडीपाशी गेल्या, पण हात लावला नाही.

"तूच करती व्हय ही दुरुस्त? शिकल्याली हायेस, चांगलं हाय. पर एक इचारू का, बाई? ही नीट झालीच न्हाई तर न्हाई का चालायचं?"

मी चाटच पडले. "का हो, मावशी?"

"न्हाई म्हंजे, आपलं इचारलं. आमचा जयदीप झोपंत पाय आपटतो. उजवा. पलंगाची फळी मोडली गं मागल्या म्हैन्यात."

मी सांगितलं, पायात गोळे येत असतील, केळी खायला द्या, डॉक्टरांना दाखवा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सांगवीला माहेर हाय माझं. अर्ध्या तासावर. औंदा दिवाळीला बी गेले न्हाई." आणि निघाल्या.

मुलाला विश्वास नाही, आईला तर गाडी होऊच नये असं वाटतं. का दिली मग माझ्याकडे?

१७ फेब्रुवारी, सोमवार

करडा आला आणि बसला. कपलर खटकन लागला, तेव्हा अंगावर काटा आला. सगळ्यात आधी तीच परीक्षा घेतली. सकाळभर, पुन्हा पुन्हा, हवी तशी वायर ओढली, हलवली, पाणी मारलं. झडप दरवेळी मिटली. दरवेळी! प्रितमनेही स्वतःच्या हाताने करून पाहिलं. मग चहा त्याने सांगितला.

दुपारी पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं होतं. जयदीपला मुद्दाम बोलावलं. किल्ली त्याच्यापुढे धरली तर म्हणाला, "तुम्हीच करा, ताई," आणि थेट गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर जाऊन उभा राहिला, पाठ करून.

इंजिन तिसऱ्या झटक्याला लागलं. थोडं खोकलं, मग सावरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, प्रितमला धुराचं कारण सांगितलं. तो गॅरेजभर नाचला. मालक मात्र टपरीवर. एवढाही भरवसा असू नये?

२४ फेब्रुवारी, सोमवार

तळवड्याला एकाच्या शेडमध्ये डायनो आहे. गाडीची चाकं रोलरवर ठेवून ती जागच्या जागी पळवतात. तिथे दिवसभर सेटिंग केलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता काहीतरी फुटणार. काही फुटलं नाही. ताकद प्रितमने कबूल केली होती त्याच्या जवळपास निघाली. मी त्याहून थोडी कमीच ठेवली, इंजिन टिकावं म्हणून. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कंजूष आहात." आज हसून म्हणाला.

आता रस्त्यावर.

१ मार्च, शनिवार

हे नीट लिहायचं आहे.

जयदीपच्या घरच्या प्लॉटिंगमध्ये मोशीच्या मागे रुंद डांबरी रस्ता आहे, सरळ, दोन्ही बाजूंना नुसते रोवलेले दगड, घर एकही नाही. गेट बंद करून तिथे चाचणी घ्यायची ठरली. प्रितम गेटवर थांबला. मी जयदीपला म्हटलं, "चालवा." तो म्हणाला, "तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो." आता यावर रागही येईना.

त्याला दाखवायचं होतं म्हणून मी डॅशबोर्डखाली एक बटण लावलं होतं. ते दाबलं की एका सेन्सरची वायर तुटल्यासारखी होते. त्याला आधी सांगितलं. तिसरा गिअर टाकला, वेग घेतला, टर्बोची शिट्टी आली, आणि पॅडल दाबलेलं असतानाच बटण दाबलं. झडप मिटली, गाडी सुस्तावली, डॅशवर दिवा पेटला. जसं व्हायला हवं अगदी तसं.

मी आनंदाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दार आणि सीट दोन्ही धरली होती आणि उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबत होता. त्याच्या बाजूला पॅडल नाही, काही नाही. तरी दाबत होता, धाडधाड. गाडी थांबली तरी तो पाय थांबेना.

मी इंजिन बंद केलं. कुठेतरी सिमेंटचा मिक्सर चालू होता, तेवढाच आवाज. मला एकदम दुर्गाबाईंचा चेहरा दिसला, मी केळी खायला द्या म्हटलं तेव्हाचा. किती मूर्ख आहे मी!

"काय झालं होतं, जयदीप?"

काचेतून समोर बघतच तो बोलला. "माझा मामेभाऊ आहे, रविराज. सांगवीचा. लहानपणापासून आम्ही एकत्रच. बाह्यवळणावर मी चालवत होतो, तो इथं बसला होता, या सीटवर. पुढं ट्रेलर उभा. मी पाय उचलला, ताई. मला वाटतं, उचलला. गाडी थांबलीच नाही. शेवटी स्टिअरिंग ओढलं, ही डावी बाजू घासत गेली. त्याचं खुब्याचं हाड मोडलं. पाच-सहा महिने पलंगावर होता."

"आणि तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, तू उचललाच नव्हतास. मला दाखवायला दाबत होतास. ब्रेक मारलाच नाहीस, गाडीवर ढकलू नकोस." त्याने तोंडावरून हात फिरवला. "असंही असेल. मला खरंच माहीत नाही. म्हणून जुन्यातून काही निघतं का विचारलं होतं. तेवढ्यासाठीच गाडी दुरुस्तीला काढली. आणि त्या दिवशी तुमच्या टेबलावर ती झडप उघडी राहिली ना, तेव्हा वाटलं, बघा, होतं असं! मग घरी जाऊन वाटलं, पण तो डबा वेगळा होता."

त्याला हवं ते उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. गाडीचाच दोष असणार, असं म्हटलं असतं तर तो आज रात्री झोपला असता. पण म्हणवेना.

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं. "दोन्ही शक्य आहे. आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्याने मान हलवली. रडला नाही. थोड्या वेळाने दार उघडून खाली उतरला, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला आणि म्हणाला, "सरका."

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने, त्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो. मग परत. मग दुसऱ्या गिअरमध्ये. शर्ट घामाने चिकटला होता त्याचा. मध्येच त्याने जरा जास्त दाबलं, घाबरून पाय उचलला, गाडी हळू झाली, आणि तो जोरात हसला. थांबल्यावर मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. एक रेघ त्याच्या पायाची, एक झडपेची. पायाची रेघ वर गेली की झडपेची वर, पायाची खाली आली की झडपेचीही खाली. तो बोटाने रेघांवरून फिरत राहिला.

"हा माझा पाय?"

"हा तुमचा."

२ मार्च, रविवार

सकाळी जयदीपचा फोन. "ताई, सांगवीला जायचंय. एकट्याने जमणार नाही. याल का?"

गाडी त्यानेच चालवली. मी बाजूला, मांडीवर लॅपटॉप घेऊन. सिग्नलला पोरं फोटो काढत होती आणि हा तीसच्या वर जाईना; मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून डोकं उठवलं.

रविराजचं घर नदीकडच्या गल्लीत आहे. आवाज ऐकून तोच बाहेर आला. दाढी वाढलेली, चालताना किंचित लंगडतो. मागे दारात त्याची आई, शालनबाई, पदराला हात पुसत. मी उतरून बाजूला झाले. वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

"कशाला आणली हिला इथं?" रविराज म्हणाला.

"जुन्या कॉम्प्युटरात काहीच निघालं न्हाई," जयदीप म्हणाला. माझ्याशी बोलतो त्याहून वेगळं, घरचं बोलत होता. "पार सडला होता. मला म्हाईत न्हाई, रव्या. माझाच पाय असंल."

"असंल म्हंजे?"

"म्हंजे कळणार न्हाईच कधी. तर मी असं धरून चाललोय, की माझाच होता. तुला तेवढं सांगायला आलो."

गाडी तशीच चालू होती. रविराज तिच्याभोवती फिरला. डाव्या दाराशी थांबला, रंगावरून हात फिरवला.

"रंग जुळला न्हाई."

"न्हाई जुळला."

"कुणाकडून मारून घेतला? आंधळ्याकडून?" मग माझ्याकडे बघून, "तुम्ही केली का ही?"

मी म्हटलं, "रंग नाही. बाकीचं."

त्याने ड्रायव्हरचं दार उघडलं. "उतर."

जयदीप उतरला. रविराजने कण्हत पाय आत घेतला, सीट मागे सरकवली आणि डावीकडे मान करून म्हणाला, "बस तिकडं. पट्टा लाव."

जयदीप बसला. पट्टा लावताना त्याचा हात दोनदा चुकला.

मी पुढे होऊन सांगणार होते की इंजिन अजून पुरतं गरम नाही, क्लच जरा वर धरतो, आयडल थोडं चढं आहे ते उद्या कमी करेन. पण त्यांनी गाडी काढली होती. पहिला गिअर, दुसरा, कोपऱ्यावरून वळली. मग आवाज पुलाच्या दिशेने गेला आणि ऐकू येईनासा झाला.

शालनबाईंनी मला ओट्यावर बसवलं. पोहे दिले, चहा दिला. "येतील ना गं नीट?" त्यांनी विचारलं. मी येतील म्हटलं आणि रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन काढून नंबर लावला, आणि मी ऐकू नये म्हणून आत गेल्या, पण आवाज बाहेर येत होता. "दुर्गावन्सं, आवो ऐका तरी... दोघं बी गेल्यात... व्हय, एकाच गाडीत."

दुपार कलली तरी ते आले नाहीत. शेवटी मी जयदीपला फोन केला. मागे भांड्यांचा, माणसांचा आवाज.

"अरे बापरे, ताई! तुम्ही तिथंच आहात होय? आम्ही जेवायला थांबलो, पार खंबाटकी घाटाच्या अलीकडं. विसरलोच बघा." मागून रविराज काहीतरी ओरडला. "रव्या विचारतोय, अजून ताकद निघंल का?"

"नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बसने घरी आले. जागा मिळाली नाही, लॅपटॉप छातीशी धरून उभीच. निरंजनने दार उघडल्या उघडल्या विचारलं, गाडी कशी चालली?

म्हटलं, मला काय माहीत. दिसेनाशी होईपर्यंत तरी नीट चालत होती.